तिरपं माप

“बारा फूट म्हंजे बारा फूट, चाचा. नकाशात लिवलेलं हाय. कापा आता, मानसं बसून हायत.”

अविनाशनं नकाशा पत्र्यावर आपटला. अविनाश ठेकेदार. चिखली-खामगाव रस्त्यावर एका ट्रस्टचं ध्यानकेंद्र बांधायचं काम त्यानं घेतलं होतं आणि ट्रस्टच्या लोकांना छप्पर पिरॅमिडचंच हवं होतं. खाली अठरा बाय अठराचा चौकोन, वर बारा फुटांवर टोक. पिरॅमिडखाली बसलं की ध्यान लवकर लागतं, असं त्यांच्या पत्रकात छापलं होतं.

कय्यूम मिस्त्रीनं हातातली कात्री खाली ठेवली.

“सकाळी कापतो.”

“काऊन? आत्ता काय झालं?”

“पत्रा आज पाह्यला. पाह्यल्याच्या दिवशी मी कात्री लावत नाई. तुमाले मालूम हाय.”

“घ्या!” अविनाश वेल्डरकडे पाहून हसला. “हे चाचा पत्र्याले बी एक रात झोपू देतेत.”

चिखलीपासून नांदुऱ्यापर्यंत सगळ्यांना ही सवय ठाऊक होती. डाळमिलवाले, जिनिंगवाले कौतुकानं सांगत, कय्यूम मिस्त्री पहिल्या दिवशी कात्री उचलत नाही. कोणी म्हणे, तो नमाजात माप मागतो. कोणी म्हणे, पत्र्याची नस ओळखतो. लोकांना कारागिराबद्दल असलं काहीतरी ऐकायला आवडतं. खरं कारण एवढंच होतं की कय्यूमला तिरपं माप काढता येत नव्हतं. माप काढणारी बाई घरी होती.

घर चिखलीतच, दोन खोल्यांचं; लेक मलिहा सासरी गेल्यापासून दोघंच. मागच्या खोलीत ईशान्येच्या कोपऱ्यात भिंतीवर कोळशाच्या रेघांचं जाळं झालेलं. सलीमा तिथं बसली. कय्यूमनं नकाशा वाचून दाखवला.

“अठरा बाय अठरा. उंची बारा. अविनाश म्हनते, पत्रे बारा फुटाचे कापा.”

“बारा फूट तर मधातला बांबू झाला ना,” सलीमा म्हणाली. घरात दोघांची बोली अर्धी दखनी, अर्धी वऱ्हाडी. “बांबू उभा राह्यते. कपडा तिरपा पडते. तिरपं लांबच असते, मलिहाचे अब्बा. त्याले सांगतलं नाई काय?”

“सांगीन मंग. तू काढ.”

ती खामगावच्या शामियानेवाल्याची पोरगी. तिचे अब्बा लग्नाचे मंडप शिवत. टोकदार शामियाना म्हणजे कापडाचे चार त्रिकोण. एक त्रिकोण इंचभर आखूड झाला की मंडपाला सुरकुती पडते आणि वरातीसमोर इज्जत जाते. अब्बांच्या मांडीजवळ बसून ती सातवीपर्यंतच्या वयात हे सगळं शिकली होती. शाळेत मात्र सातवीपर्यंतसुद्धा गेली नव्हती.

एका फुटाला एक इंच धरून तिनं भिंतीवर बारा इंचांवर खिळा ठोकला. जमिनीवर कोपऱ्यापासून नऊ इंचांवर, म्हणजे अठराच्या निम्म्यावर, दुसरा. दोन खिळ्यांमध्ये सुतळी ताणली, गाठ मारली, सोडवून मोजली. पंधरा. मग जमिनीवर चौकोन आखून, समोरासमोरचे कोपरे जोडून, त्या रेघेचं निम्मं घेतलं आणि दुसरी सुतळी ताणली. साडेसतरा.

“पंधरा ही मधातली. हिनं पत्रा कापाचा. साडेसतरा कोन्याची. तिनं फ्रेमचा पाइप. बारानं कापसान तर चार फूट बुटका होईन.”

मग जुने पेपर खळीनं चिकटवून तिनं चार त्रिकोण कापले, उभे करून टोकाशी टोक भिडवलं. भिडलं. या वेळी तिला दोन दिवस लागले. कय्यूम दारातून दोनदा ओरडून गेला, “किती टाइम लावतं व? मानसं खोळंबले.” ती बोटांनी सुतळीची गाठ चाचपत राहिली.

तिसऱ्या दिवशी सकाळी कय्यूमनं कागद पत्र्यावर ठेवून, माप मोठं करून, कात्री चालवली. पिरॅमिड उभा राहिला. टोकाशी चारही पत्रे असे मिटले की मुंगी शिरू नये. अविनाश नकाशा काढणाऱ्या आपल्या इंजिनियरला शिव्या घालत राहिला आणि कय्यूमच्या पाया पडायचा तेवढा राहिला.

हे छत्तीस वर्षं चाललं होतं.

लग्नाच्या पहिल्याच वर्षी कय्यूमनं एका डाळमिलचा हॉपर बिघडवला होता. हॉपर म्हणजे वरून धान्य टाकायचं, खाली निमुळतं होत गेलेलं पत्र्याचं तोंड. उंचीचं माप त्यानं तिरप्या बाजूला दिलं. हॉपर चपटा झाला, तुरीची डाळ मधेच बसून राहिली, खाली येईना. मिलमालकानं तो उखडून रस्त्यावर टाकला. कय्यूम घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडला. एकोणीस वर्षांच्या सलीमानं विचारलं, “कसं व्हतं ते?” त्यानं हातानं दाखवलं. ती म्हणाली, “हा तर उलटा शामियाना हाय.” आणि सुतळी घेऊन कोपऱ्यात बसली.

त्यानंतर एकही हॉपर बिघडला नाही. नाव झालं कय्यूमचं.

सुरुवातीला ती दुकानात यायची. खडू हातात घेऊन पत्र्यावर वाकायची. एक दिवस एका गिऱ्हाइकानं ते पाहिलं आणि चार माणसांत म्हणाला, “इथं मिस्त्री कोन हाय बे? बायको का नवरा?” माणसं हसली. कय्यूमही हसला. संध्याकाळी घरी येऊन म्हणाला, “तू दुकानात येत जाऊ नको.” बस. एका फालतू माणसाच्या फालतू विनोदासाठी त्यानं एक अख्खी कारागीर मागच्या खोलीत कोंडली, आणि याला काही म्हणतात हे त्याला पुढची तेहेतीस वर्षं सुचलं नाही. तो वाईट माणूस नव्हता. मारत नव्हता, पीत नव्हता, ईदला तिच्यासाठी कापड स्वतः पसंत करून आणत होता. अशाच माणसांना कोणी जाब विचारत नाही.

ध्यानकेंद्राच्या उद्घाटनाला ट्रस्टनं कय्यूमचा सत्कार ठेवला. आदल्या दिवशी सकाळी चहा देताना सलीमा म्हणाली, “एक बोलू?”

“बोल ना.”

“उद्या माह्यं नाव घ्याल?”

कय्यूमच्या हातातली बशी थांबली.

“मले शाल नको,” ती म्हणाली. “नारळ नको. स्टेजवर बी नाई येत. एवढंच सांगजा, का कागद घरी कापला. सलीमानं कापला. एकडाव.”

“आज एकदम काऊन आठोलं?”

“असंच. छत्तीस वर्सात काही मांगतलं का मी?”

नव्हतं मागितलं. त्यानं चहा संपवला. “घेईन ना,” म्हणाला. “त्यात काय एवढं?” आणि खरंच घ्यायचं ठरवलं. दुकानात दिवसभर तो मनात वाक्य जुळवत होता: माझी घरवाली माप काढते. नाही, माझ्या बेगम माप काढतेत. नाही, सलीमा.

रविवारी सकाळी मंडप भरला. बायकांच्या बाजूला सलीमा नवी ओढणी घेऊन बसली होती, शेजारी अन्नपूर्णाबाई. अन्नपूर्णाबाईंचा भाजीचा गाडा. दोघींची घरं भिंतीला भिंत.

प्रमुख पाहुणे पंजाबराव सर, कॉलेजात भूगोल शिकवून निवृत्त झालेले. माईक हातात आला की सोडत नसत.

“पिरॅमिड म्हणजे काय?” त्यांनी विचारलं आणि स्वतःच उत्तर द्यायला लागले. “भूमितीत पिरॅमिड म्हणजे सूची. खाली बहुकोन, वर एक बिंदू. बंधूंनो, एका ठोकळ्यात तेवढ्याच पायाच्या, तेवढ्याच उंचीच्या तीन सूची मावतात! म्हणजे टोक आलं की दोन हिस्से गेले!”

“जेवन कवा देतेत?” अन्नपूर्णाबाई पुटपुटल्या.

“लोकसंख्येचाही पिरॅमिड असतो. लेकरं खाली, म्हातारे वर. आहाराचा असतो. खाली भाकरी, वर मिठाई. जंगलाचा असतो. खाली गवत, त्यावर हरीण, सगळ्यात वर वाघ. गवत नसेल तर वाघ उपाशी मरेल! पण फोटो कोणाचा काढतात? वाघाचा!”

टाळ्या. सलीमाला हे आवडलं. ती अन्नपूर्णाबाईंच्या कानाशी म्हणाली, “खरं बोलून राह्यला मास्तर.”

“आणि इजिप्तचे पिरॅमिड!” सरांचा आवाज चढला. “राजांची नावं पाठ आहेत आपल्याला. दगड कापणाऱ्यांची? मापं काढणाऱ्यांची? कोणालाच माहीत नाहीत. आज आपण ती चूक करणार नाही. कय्यूम मिस्त्री, या!”

कय्यूम स्टेजवर गेला. शाल आली, नारळ आला. सरांनी त्याचा खांदा धरला. “चौथी शिकलेले आहेत हे! मिस्त्री, सांगा या लोकांना. एवढं माप, जे इंजिनियरला जमलं नाही, ते तुम्ही कसं काढलं?”

माईक तोंडापाशी आला. पहिल्या रांगेत मिलमालक बसले होते. खामगावचे दोन पत्रेवाले खास आले होते. अविनाश मोबाइल धरून व्हिडिओ काढत होता आणि हसत होता. नेहमीसारखंच हसत होता, त्यात काहीही नव्हतं. पण कय्यूमला तो जुना हशा ऐकू आला. मंडपात सलीमा कुठे आहे हे त्यानं पाहिलं. ती सरळ बसली होती, ओढणी नीट करून, फोटो काढायच्या वेळी माणसं बसतात तशी.

“अंदाज हाय, साहेब,” कय्यूम म्हणाला. “हातात बसला हाय. अल्लाची मेहेरबानी.”

मंडप टाळ्यांनी हलला. अन्नपूर्णाबाईंनी सलीमाला कोपर मारलं. “पाय व भाभी, तुह्या मानसाचं डोकं!”

सलीमानंही टाळ्या वाजवल्या. सगळे थांबल्यावरही दोन-तीन वाजवल्या, मग हात मांडीवर ठेवले.

जीपमधून घरी येताना कय्यूम म्हणाला, “घाबरलो ना मी. इतके मानसं. जीभच नाई उचलली.”

“हाव.”

“पुढच्या डावा नक्की.”

“हाव,” ती म्हणाली आणि शालीची घडी घातली.

ती रुसली नाही, रडली नाही. रुसली असती तर कय्यूमला बरं वाटलं असतं. मनवलं की हिशेब मिटतो असं त्याला वाटत आलं होतं. तिनं दुसऱ्या दिवशी वांग्याची भाजी केली, त्याच्या आवडीची. आठवडा गेला, दुसरा गेला.

महिन्याभरानं अविनाश मोठं काम घेऊन आला. नांदुऱ्याकडे अजून एक केंद्र. चोवीस बाय चोवीस, उंची सोळा. “या डावा मी मापाच्या भानगडीतच पडत नाई, चाचा. फ्रेम बी तुमच्याच मापानं, पत्रे बी तुमच्याच मापानं.”

“सकाळी सांगतो,” कय्यूम म्हणाला.

घरी त्यानं नकाशा सलीमापुढे ठेवला. तिनं तो हातात घेतला नाही.

“आता नाई होत माह्याच्यानं,” ती म्हणाली. “डोळे.”

कय्यूमला कळायचं ते कळलं, म्हणजे त्याला तसं वाटलं. हिला राग आलाय. काढतेय बदला. “ठीक हाय,” तो म्हणाला. “मी काय छत्तीस वर्सं झोपलो व्हतो काय?”

झोपला नव्हता. बाहेर ओट्यावर बिडी ओढत बसत असे. दोन सुतळ्या असतात हे त्याला माहीत होतं. एक मधातली, एक कोन्याची. त्यानं खिळे ठोकले, सुतळ्या ताणल्या. एक वीस आली, एक तेवीसच्या जराशी वर. सलीमा स्वयंपाकघरात होती. उठून दहा पावलं जाऊन विचारायचं होतं, की बाई, कोणती कशाची? तो उठला नाही. मोठी ती पत्र्याची असणार, पत्राच तर मोठा असतो, असं त्यानं ठरवलं. कागद कापून उभे करून पाहायचे, ते आठवलं. पण खळ करायला चुलीपाशी जावं लागलं असतं.

जागेवर फ्रेम उभी राहिली ती बसलेल्या म्हशीसारखी, जेमतेम साडेदहा फूट. त्यावर पत्रे चढवले तर वर सात फूट हवेत निघाले, चारही टोकं चार दिशांना. खाली उभ्या असलेल्या माणसांतला एकजण फिसकन हसला.

“हे काय केलं, चाचा?” अविनाश हळू आवाजात म्हणाला. त्याला ओरडतासुद्धा येईना. “तुमच्या हातात तं बसेल व्हतं म्हने.”

आणि तेव्हा, सगळ्यांसमोर, कय्यूमच्या तोंडून ते निघालं. “माप मी काढतच नाई, भाऊ. कधीच नाई काढलं. माप सलीमा काढते. माही बायको. तो पयला पिरॅमिड तिचा हाय. सारे हॉपर तिचे हायत.”

छत्तीस वर्षांनी तो खरं बोलला. तिचं नाव घेऊन बोलला.

अविनाशनं तोंड फिरवलं. “शरम वाटू द्या, चाचा. चुकलं तं चुकलं म्हना. घरातल्या बाईच्या माथी काऊन मारून राह्यले?”

“अरे, तसं नाई—”

“राहू द्या.”

दोन दिवसांत चिखलीत सगळ्यांना कळलं, की कय्यूम मिस्त्रीनं बायकोच्या मापावर पत्रे कापले आणि काम फसलं. सलीमाचं नाव आयुष्यात पहिल्यांदा बाजारात पोचलं ते असं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी अन्नपूर्णाबाई भाजीचा गाडा दारात लावून आत डोकावल्या. सलीमा मागच्या खोलीत होती. कय्यूम ओट्यावर.

“कय्यूमभाई, लोकं काहीच्या बाही बोलून राह्यले. म्हनते भाभीनं माप चुकवलं.”

“नाई हो, बाई. तिचं माप कधीच चुकलं नाई. मीच काढलं, मीच चुकवलं.”

अन्नपूर्णाबाईंचा चेहरा विरघळला. “तुम्ही मोठ्या दिलाचे. बायकोले सांभाळून घेता. आमचा असता तं चार गावं फिरून तिचीच बदनामी केली असती.”

कय्यूमनं कपाळावर हात मारून घेतला. आता खरं बोलण्यानंही त्याचीच किंमत वाढत होती. ही रचना त्यानंच केली होती, एक-एक दगड ठेवून, स्वतः टोकावर बसून. आता खाली उतरायला जागा नव्हती.

“तसं बी,” अन्नपूर्णाबाई गाड्यावरचा पालक झटकत म्हणाल्या, “ती कुठून माप काढीन बिचारी? त्या डोळ्यानं?”

“कोन्त्या डोळ्यानं?”

“आता घ्या! काचबिंदू नाई का तिले? दिवाळीच्या पयले डोळ्याच्या कॅम्पले मीच तं नेलं व्हतं. डॉक्टर म्हने, डावा गेला, उजव्यात थोडंसं हाय, ते बी जाईन हळूहळू. गेलेलं वापस येत नाई म्हने. तुमाले सांगतलं ना तिनं?”

सांगितलं असेल. कय्यूमला आठवलं, एका संध्याकाळी ती डोळ्यांचं काहीतरी सांगत होती आणि अविनाशचा फोन आला होता. “पाहू,” असं तो म्हणाला होता. कोणाला म्हणाला होता ते आठवेना.

दिवाळीच्या आधी. म्हणजे ध्यानकेंद्राचे कागद तिनं त्यानंतर कापले. म्हणून दोन दिवस लागले. म्हणून तिनं सगळीकडे गाठी मारल्या, बोटाला लागाव्यात म्हणून. हे आपल्या हातचं शेवटचं हे तिला माहीत होतं, आणि म्हणून चहा देताना तिनं एक गोष्ट मागितली.

अन्नपूर्णाबाई पालकाची जुडी ओट्यावर ठेवून गाडा ढकलत गेल्या.

कय्यूम आत गेला. खोलीत अंधारत आलं होतं. सलीमा भिंतीला टेकून ताटात तांदूळ निवडत होती. मान सरळ, नजर समोरच्या भिंतीवर, आणि बोटं ताटात फिरत होती. खडा लागला की चिमटीत उचलून बाजूच्या वाटीत टाकत होती. वाटीत बरेच खडे जमले होते. दिवाळीपासून तो हाच भात खात होता. एकदाही दाताखाली खडा आला नव्हता.

तो तिच्यासमोर मांडी घालून बसला. बोलण्याची त्याला आता भीती वाटत होती. त्यानं ताटातले अर्धे तांदूळ आपल्या बाजूला ओढले आणि निवडायला लागला.

थोड्या वेळानं म्हणाला, “लाइट लावू का?”

“लावा,” सलीमा म्हणाली. “नाई तं तुमच्या बाजूचे खडे राहून जातीन.”